मॅगझिन-मर्यादा आणि क्रीडा नेमबाजांसाठीचे अपवाद (युरोप)

बंदुकीला जोडल्या जाणाऱ्या काडतूसपेटीत एका वेळी किती काडतुसे मावावीत यावर कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादेस मॅगझिन-मर्यादा असे म्हणतात. युरोपीय संघाने २०१७ साली आपल्या शस्त्रविषयक निदेशात दुरुस्ती करून पिस्तुलासारख्या आखूड शस्त्रांसाठी २० आणि रायफलीसारख्या लांब शस्त्रांसाठी १० काडतुसांची मर्यादा ठरवली. त्याच दुरुस्तीने क्रीडा नेमबाजांना काही अटींवर या मर्यादेतून सूट देण्याची मुभा सदस्य देशांना दिली. मर्यादेचे आकडे सर्व देशांत समान असले, तरी क्रीडा नेमबाज कोणाला म्हणावे, हे ठरवण्याचे निकष देशोदेशी वेगळे आहेत. त्यामुळे या कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम आकड्यांपेक्षा या व्याख्येवर अधिक अवलंबून राहिला आहे. स्वित्झर्लंडमधील २०१९ चे सार्वमत आणि चेक प्रजासत्ताकाने युरोपीय न्यायालयात दिलेले आव्हान या दोन्ही प्रकरणांत हाच प्रश्न केंद्रस्थानी होता.

संज्ञा आणि रचना

मॅगझिन हा शब्द मराठीत नियतकालिकासाठीही रूढ आहे. त्याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ कोठार असा होतो. शस्त्रांच्या संदर्भात मॅगझिन म्हणजे पत्र्याची किंवा प्लास्टिकची अशी पेटी, जिच्या तळाशी असलेली स्प्रिंग काडतुसे एकामागून एक वर ढकलते. काही शस्त्रांत ती कायमची बसवलेली असते, तर बहुतेक आधुनिक शस्त्रांत ती काढून दुसरी बसवता येते.

अर्धस्वयंचलित शस्त्रात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु पुढचे काडतूस आपोआप नळीच्या मागील कप्प्यात येऊन बसते. स्वयंचलित शस्त्रात मात्र चाप दाबून धरला असेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. मॅगझिन-मर्यादेचा संबंध प्रामुख्याने अर्धस्वयंचलित शस्त्रांशी येतो, कारण स्वयंचलित शस्त्रे सामान्य नागरिकांसाठी बहुतेक देशांत आधीपासूनच निषिद्ध आहेत.

काडतुसांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. सेंटर-फायर काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात झाल्यावर ते पेटते. लष्करी रायफली आणि बहुतेक मोठी पिस्तुले या प्रकारची असतात. रिमफायर काडतूस बुडाच्या कडेवरील आघाताने पेटते. त्याची शक्ती कमी असते आणि सरावासाठी व ऑलिम्पिक नेमबाजीसाठी ते वापरले जाते. युरोपीय मर्यादा केवळ सेंटर-फायर शस्त्रांना लागू आहे.

मर्यादेमागील तर्क

मॅगझिन रिकामे झाले की ते बदलावे लागते. सामूहिक गोळीबाराच्या वेळी एवढा खंड पडला तरी लोकांना पळण्यास किंवा हल्लेखोराला अडवण्यास अवसर मिळतो, असा मर्यादेच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. अमेरिकेतील टुसॉन येथे ८ जानेवारी २०११ रोजी झालेल्या गोळीबाराचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथे हल्लेखोर मॅगझिन बदलण्याच्या प्रयत्नात असताना उपस्थित नागरिकांनीच त्याला पकडले होते.

सराव असलेल्या माणसाला मॅगझिन बदलण्यास दोन-तीन सेकंदच लागतात आणि दहाच्या तीन पेट्या बाळगणाऱ्याला तिसाची एक पेटी न मिळाल्याने फारसा फरक पडत नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. अंमलबजावणीची अडचणही ते दाखवतात. बंदुकीवर क्रमांक असतो आणि तिची नोंद ठेवता येते; बहुतेक मॅगझिनांवर मात्र असा क्रमांक नसतो. पूर्वी कायदेशीरपणे विकली गेलेली लाखो मॅगझिने कोणाच्या घरी आहेत, याचा माग काढणे त्यामुळे कठीण होते.

पार्श्वभूमी

युरोपीय समुदायाने १८ जून १९९१ रोजी पहिला शस्त्रनिदेश स्वीकारला. अंतर्गत सीमा खुल्या होत असताना एका देशात घेतलेले शस्त्र दुसऱ्या देशात नेण्याबाबत किमान समान नियम असावेत, हा त्याचा हेतू होता. निदेश हा थेट लागू होणारा कायदा नसतो. त्यातील किमान अपेक्षा पूर्ण होतील असा स्वतःचा कायदा प्रत्येक देशाने करायचा असतो आणि त्याहून कडक नियम करण्याची मोकळीकही देशांना असते. २००८ मध्ये या निदेशात पहिली मोठी दुरुस्ती झाली, परंतु मॅगझिनच्या क्षमतेचा प्रश्न तेव्हा हाताळला गेला नाही.

क्रीडा नेमबाजी आणि सार्वजनिक सुरक्षा यांच्यातील ताण मात्र त्याआधीच पुढे आला होता. जर्मनीतील एरफुर्ट येथे २६ एप्रिल २००२ रोजी एका माजी विद्यार्थ्याने शाळेत १६ जणांची हत्या केली. तो नेमबाजी क्लबचा सदस्य होता. त्यानंतर जर्मनीने तरुण नेमबाजांसाठीची वयोमर्यादा वाढवली आणि २५ वर्षांखालील अर्जदारांना मानसिक योग्यतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. ११ मार्च २००९ रोजी विनेन्डेन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या वडिलांचे होते आणि तेही क्रीडा नेमबाज होते. या घटनेनंतर घरातील शस्त्रसाठवणुकीची तपासणी करण्याचे अधिकार वाढवण्यात आले.

नॉर्वेमध्ये २२ जुलै २०११ रोजी झालेल्या हल्ल्यांत ७७ जणांचा बळी गेला. हल्लेखोराने पिस्तुलाचा परवाना नेमबाजी क्लबच्या सदस्यत्वाच्या आधारे मिळवला होता, रायफल शिकारीच्या परवान्यावर घेतली होती आणि रायफलीसाठी प्रत्येकी ३० काडतुसांची मॅगझिने अमेरिकेतून मागवली होती. मॅगझिनवरील नियंत्रणाचा अभाव आणि क्लबच्या सदस्यत्वावर ठेवलेला विश्वास, या दोन्ही बाबी या एकाच प्रकरणात एकत्र आलेल्या दिसतात.

२०१७ ची दुरुस्ती

पॅरिसमध्ये १३ नोव्हेंबर २०१५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यांत १३० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर पाचच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, युरोपीय आयोगाने शस्त्रनिदेशातील दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. लष्करी शस्त्रांसारख्या दिसणाऱ्या अर्धस्वयंचलित शस्त्रांवर बंदी घालण्याची तरतूद मूळ प्रस्तावात होती. केवळ दिसण्यावरून शस्त्राचे वर्गीकरण करणे न्यायालयात टिकणार नाही आणि दोन सारख्याच क्षमतेच्या रायफलींपैकी एक वैध व दुसरी अवैध ठरेल, अशी टीका त्यावर झाली. पॅरिसमधील हल्लेखोरांनी वापरलेली शस्त्रे स्वयंचलित आणि बेकायदेशीर होती. मग कायदेशीर परवानाधारकांवर बंधने कशासाठी, असा प्रश्न नेमबाजी व शिकारी संघटनांनी उपस्थित केला. आयोगाने प्रस्तावासोबत परिणामांचे सविस्तर मूल्यमापन सादर केले नव्हते, यावरही बोट ठेवले गेले.

युरोपीय संसदेत हे विधेयक ब्रिटिश सदस्या विकी फोर्ड यांच्याकडे सोपवण्यात आले होते. वर्षभराच्या वाटाघाटींत दिसण्याचा निकष बाजूला पडला आणि त्याची जागा काडतुसांच्या संख्येने घेतली. डिसेंबर २०१६ मध्ये संसद व सदस्य देश यांच्यात तडजोड झाली. १४ मार्च २०१७ रोजी संसदेने ४९१ विरुद्ध १७८ मतांनी तिला मान्यता दिली. २८ सदस्य तटस्थ राहिले. १७ मे २०१७ रोजी स्वाक्षरी झालेला हा दुरुस्ती निदेश १३ जून २०१७ पासून अमलात आला. सदस्य देशांना आपले कायदे बदलण्यासाठी १४ सप्टेंबर २०१८ पर्यंतची मुदत देण्यात आली. पुढे २४ मार्च २०२१ च्या नव्या निदेशात मूळ निदेश आणि त्यातील सर्व दुरुस्त्या एकत्र संहिताबद्ध करण्यात आल्या.

मर्यादेचे स्वरूप

निदेशानुसार शस्त्रांचे 'अ', 'ब' आणि 'क' असे वर्ग आहेत. 'अ' वर्गातील शस्त्रे निषिद्ध, 'ब' वर्गातील परवान्याने मिळणारी आणि 'क' वर्गातील केवळ नोंदणी आवश्यक असलेली असतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुढील सेंटर-फायर अर्धस्वयंचलित शस्त्रे 'अ' वर्गात गेली: पुन्हा न भरता २१ पेक्षा अधिक गोळ्या झाडू शकणारी आखूड शस्त्रे, ज्यांच्या मॅगझिनची क्षमता २० पेक्षा जास्त आहे, आणि ११ पेक्षा अधिक गोळ्या झाडू शकणारी लांब शस्त्रे, ज्यांच्या मॅगझिनची क्षमता १० पेक्षा जास्त आहे. २१ आणि ११ हे आकडे धरण्याचे कारण असे, की मॅगझिन भरलेले असताना आणखी एक काडतूस नळीच्या मागील कप्प्यात असू शकते.

या रचनेचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. काढघाल करता येणारे मॅगझिन असलेल्या शस्त्राचा वर्ग त्यात त्या क्षणी कोणते मॅगझिन बसवले आहे यावर ठरतो. एकच रायफल दहाची पेटी लावलेली असताना 'ब' वर्गात असते आणि तिसाची पेटी लावताच 'अ' वर्गात जाते. ही पळवाट बुजवण्यासाठी निदेशात आणखी एक तरतूद आहे. 'ब' वर्गाचा परवाना असलेल्या व्यक्तीकडे मर्यादेपेक्षा मोठे मॅगझिन नुसते सापडले, तरी तिचा शस्त्रपरवाना काढून घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. अशी मॅगझिने विकत घेण्याची परवानगीही केवळ अपवादाचा लाभ मिळालेल्या व्यक्तींपुरती राखून ठेवण्यात आली.

१३ जून २०१७ पूर्वी कायदेशीरपणे घेतलेल्या व नोंदवलेल्या शस्त्रांचे परवाने पुढे चालू ठेवण्याची मुभा देशांना देण्यात आली. जर्मनीने मात्र अधिक कडक मार्ग पत्करला. तेथे १ सप्टेंबर २०२० पासून मर्यादेपेक्षा मोठे मॅगझिन ही स्वतंत्रपणे निषिद्ध वस्तू ठरली. १३ जून २०१७ पूर्वीपासून अशी मॅगझिने बाळगणाऱ्यांना १ सप्टेंबर २०२१ पर्यंत ती अधिकाऱ्यांकडे नोंदवण्यास सांगण्यात आले.

क्रीडा नेमबाजांसाठीचा अपवाद

निदेशाच्या सहाव्या कलमात 'अ' वर्गातील शस्त्रांसाठी काही अपवाद दिले आहेत. राष्ट्रीय संरक्षण, संशोधन आणि ऐतिहासिक हेतू, संग्रहालये, संग्राहक, परवानाधारक व्यापारी आणि लक्ष्यवेधी नेमबाज यांचा त्यांत समावेश होतो. शिकाऱ्यांसाठी असा अपवाद नाही.

नेमबाजांना परवानगी देण्यासाठी पुढील अटी पूर्ण व्हाव्या लागतात:

१. परवानाधारकांवरील नियमित देखरेखीतून आणि वैद्यकीय व मानसिक योग्यतेविषयीच्या माहितीतून अर्जदाराबाबत समाधानकारक निष्कर्ष निघाला पाहिजे.

२. मान्यताप्राप्त स्पर्धांमध्ये तो भाग घेत असल्याचा किंवा त्यांसाठी सराव करत असल्याचा पुरावा पाहिजे.

३. तो नेमबाजी क्लबचा सदस्य असून तेथे किमान १२ महिने नियमित सराव करत आहे, असे मान्यताप्राप्त संघटनेचे प्रमाणपत्र पाहिजे.

४. संबंधित शस्त्र मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय महासंघाच्या एखाद्या क्रीडाप्रकाराच्या निकषांत बसते, असेही त्या प्रमाणपत्रात नमूद पाहिजे.

अशा परवानग्यांचा जास्तीत जास्त पाच वर्षांनी फेरआढावा घेणे बंधनकारक आहे.

शेवटच्या दोन अटींमुळे क्रीडासंघटनेकडे एक नवी जबाबदारी आली. आतापर्यंत स्पर्धा भरवणे आणि खेळाडू घडवणे हे तिचे काम होते. आता निषिद्ध मानलेले शस्त्र कोणाच्या हाती द्यावे, या शासकीय निर्णयाचा पाया तिच्या प्रमाणपत्रावर उभा राहिला.

कोणत्या खेळाला मोठे मॅगझिन लागते?

अपवादाची गरज सर्व नेमबाजांना सारखी नाही. ऑलिम्पिकमधील रायफल व पिस्तूल प्रकारांना या मर्यादेचा स्पर्शही होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफलीत प्रत्येक वेळी एकच काडतूस भरायचे असते आणि तेही रिमफायर असते. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल या वेगवान प्रकारातही पाच-पाच फैरींच्या मालिका असतात.

गतिमान नेमबाजीची स्थिती वेगळी आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघाच्या, म्हणजे आयपीएससीच्या स्पर्धांत नेमबाज ठरावीक मार्गावरून पुढे सरकत अनेक लक्ष्यांचा वेध घेतो आणि अचूकतेबरोबर वेळही मोजली जाते. पिस्तुलाच्या दीर्घ फेरीत जास्तीत जास्त ३२ फैरींची आवश्यकता ठेवता येते. मॅगझिन बदलण्यात गेलेली प्रत्येक सेकंद गुण कमी करते. त्यामुळे खुल्या विभागातील खेळाडूंना वीसपेक्षा मोठे मॅगझिन हवे असते. ज्या सेकंदांचा खंड पडावा म्हणून कायदा केला गेला, तेच सेकंद वाचवणे हे या खेळातील कौशल्य आहे. खेळ आणि कायदा यांच्यातील विरोध येथे सर्वांत स्पष्टपणे समोर येतो.

स्वित्झर्लंडमधील सार्वमत

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण २००८ पासून शेंगेन क्षेत्रात सहभागी आहे. शेंगेनशी निगडित नवे नियम स्वीकारले नाहीत, तर तो करारच आपोआप संपुष्टात येऊ शकतो. त्यामुळे शस्त्रनिदेशातील दुरुस्ती स्वित्झर्लंडलाही लागू करणे भाग होते.

या देशात शस्त्रांचा प्रश्न लष्करी परंपरेशी जोडलेला आहे. तेथे पुरुषांसाठी लष्करी सेवा सक्तीची असून, सैनिक आपले शस्त्र घरी ठेवतात आणि सेवा संपल्यावर ठरावीक अटींवर ते स्वतःकडे कायम ठेवू शकतात. अशी रायफल त्यापूर्वी अर्धस्वयंचलित स्वरूपात बदलली जाते. १९५७ च्या नमुन्याच्या रायफलीचे मॅगझिन २४ काडतुसांचे, तर १९९० च्या नमुन्याच्या रायफलीचे २० काडतुसांचे असते. म्हणजे लष्कराने स्वतः दिलेली पेटी युरोपीय मर्यादेच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठी होती.

हे लक्षात घेऊन निदेशात एक खास तरतूद करण्यात आली. सक्तीची लष्करी सेवा असलेल्या आणि गेल्या ५० वर्षांपासून सेवामुक्त सैनिकांना शस्त्र हस्तांतरित करण्याची पद्धत असलेल्या देशांना, अशा व्यक्तींना नेमबाज या नात्याने सेवाकाळातील एक शस्त्र ठेवू देण्याची परवानगी मिळाली. देशाचे नाव न घेता केलेली ही तरतूद प्रत्यक्षात स्वित्झर्लंडसाठीच होती, हे सर्वांना ठाऊक होते.

स्विस संसदेने २८ सप्टेंबर २०१८ रोजी कायद्यातील बदल मंजूर केले. नेमबाजी संघटनांनी त्याविरुद्ध सार्वमताची मागणी केली. त्यासाठी ५०,००० सह्या पुरेशा असताना सव्वा लाखाच्या आसपास सह्या जमल्या. मतदानाआधीच्या प्रचारात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. नेमबाजांच्या दृष्टीने प्रश्न असा होता, की जे शस्त्र बाळगणे आजवर नागरिकाचा हक्क मानला गेला, ते यापुढे निषिद्ध वस्तू म्हणून अपवादाने का मिळावे? सरकारच्या दृष्टीने प्रश्न शेंगेनमधील सहभाग टिकवण्याचा होता. १९ मे २०१९ रोजी ६३.७ टक्के मतदारांनी नव्या कायद्याच्या बाजूने कौल दिला. सर्व कॅंटनांपैकी एकट्या टिचिनोने तो नाकारला. १५ ऑगस्ट २०१९ पासून कायदा लागू झाला.

या निकालाचे मोल समजण्यासाठी आधीची एक घटना ध्यानात घ्यावी लागते. त्सुग येथील कॅंटन विधिमंडळात २७ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या गोळीबारात १४ जण ठार झाले होते. त्यानंतरच्या दशकात लष्करी शस्त्रे घरी न ठेवता शस्त्रागारात ठेवावीत, अशी मागणी करणारा जनप्रस्ताव पुढे आला; तो १३ फेब्रुवारी २०११ रोजी ५६.३ टक्के मतदारांनी फेटाळला. शस्त्र घरातून काढून घेण्यास नकार देणाऱ्या त्याच मतदारसंघाने आठ वर्षांनी शस्त्रावर अट घालण्यास होकार दिला.

स्विस अपवाद प्रत्यक्षात बराच सैल आहे. मोठ्या मॅगझिनसह अर्धस्वयंचलित शस्त्र घेणाऱ्या नेमबाजाला कॅंटनच्या कार्यालयाकडून विशेष परवानगी घ्यावी लागते. पाच वर्षांनी आणि पुन्हा दहा वर्षांनी त्याने आपण क्लबचे सदस्य आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो, यांपैकी एक गोष्ट सिद्ध करायची असते. नियमित म्हणजे पाच वर्षांत वेगवेगळ्या दिवशी किमान पाच वेळा. लष्कराकडून थेट स्वतःचे सेवाशस्त्र ताब्यात घेणाऱ्याला या विशेष परवानगीची गरज नसते.

खेळाच्या तांत्रिक गरजेचा विचार केला, तर या वादातील एक विसंगती दिसते. दरवर्षी लाखाहून अधिक लोक भाग घेतात त्या फेल्डशीसेन या राष्ट्रीय नेमबाजी उत्सवात एकूण १८ फैरी झाडायच्या असतात आणि त्यांतील सर्वांत मोठी सलग मालिका सहा फैरींची असते. दहाची पेटी या उत्सवाला पुरेशी आहे. यावरून स्विस नेमबाजांचा विरोध खेळाच्या गरजेपेक्षा नागरिक, सैनिक आणि शस्त्र यांच्या परंपरागत नात्याच्या रक्षणासाठी अधिक होता, असे म्हणता येते.

चेक प्रजासत्ताकाचे आव्हान

चेक प्रजासत्ताकाने ऑगस्ट २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयात हा निदेश रद्द करण्याची मागणी केली. हंगेरी व पोलंड यांनी तिला पाठिंबा दिला. निदेशाचा खरा हेतू सुरक्षेचा असून संघाला बाजारपेठेच्या नियमनाच्या नावाखाली तो अधिकार वापरता येणार नाही. बंधने प्रमाणाबाहेर आहेत. मॅगझिनविषयीचे नियम संदिग्ध आहेत. आणि स्वित्झर्लंडसाठीची तरतूद भेदभाव करणारी आहे, असे चार मुख्य आक्षेप होते.

न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ३ डिसेंबर २०१९ रोजी हे सर्व आक्षेप फेटाळले. परिणामांचे मूल्यमापन नसले तरी कायदेमंडळासमोर पुरेशी माहिती उपलब्ध होती, असे न्यायालयाने मानले. स्विस अपवादाबाबत न्यायालयाची भूमिका महत्त्वाची ठरते. दीर्घ परंपरेमुळे संबंधित व्यक्ती व शस्त्रे यांचा माग ठेवण्याचा अनुभव आणि क्षमता त्या देशाने सिद्ध केली आहे, हा फरक न्यायालयाने ग्राह्य धरला. परंपरा जुनी आहे एवढ्यावर सूट टिकली नाही. तिने देखरेखीची व्यवस्था निर्माण केली आहे, या कारणाने ती टिकली.

चेक प्रजासत्ताकातील नाराजी त्याने संपली नाही. कायद्याने घातलेल्या अटींनुसार शस्त्राच्या साहाय्याने स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीविताचे रक्षण करण्याचा हक्क त्या देशाने २०२१ मध्ये आपल्या मूलभूत हक्कांच्या सनदेत समाविष्ट केला.

युरोपाबाहेरील तुलना

न्यूझीलंडने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला. तेथील जुन्या कायद्यात एक मोठी फट होती. सातपेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिन असलेली अर्धस्वयंचलित रायफल बाळगण्यास विशेष परवानगी लागत असे, पण सुटे मोठे मॅगझिन कोणीही विकत घेऊ शकत असे. हल्लेखोराने साध्या परवान्यावर रायफली घेतल्या आणि मोठी मॅगझिने स्वतंत्रपणे मिळवली. १० एप्रिल रोजी संसदेने ११९ विरुद्ध १ मताने कायदा बदलला. बहुतेक अर्धस्वयंचलित शस्त्रे आणि मोठी मॅगझिने निषिद्ध झाली. स्पर्धात्मक नेमबाजांसाठी सूट देण्याची मागणी झाली होती, परंतु ती मान्य करण्यात आली नाही.

कॅनडात १९९० च्या दशकापासून सेंटर-फायर अर्धस्वयंचलित रायफलींसाठी पाच आणि पिस्तुलांसाठी दहा काडतुसांची मर्यादा आहे. २०२२ मध्ये पिस्तुलांची खरेदी-विक्री व हस्तांतर गोठवण्यात आले आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी त्याला कायद्याचे स्वरूप मिळाले. त्यातील क्रीडाविषयक सूट ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक कार्यक्रमातील प्रकारांपुरतीच आहे. आयपीएससीचे खेळाडू तिच्याबाहेर राहिले. युरोपीय निदेशाने 'मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय महासंघ' ही व्यापक अट ठेवली, तर कॅनडाने यादीच अरुंद केली.

भारतात अशा अपवादाचा संबंध मॅगझिनशी नसून शस्त्रांच्या संख्येशी येतो. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाकृत शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य पॉइंट २२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल सरावासाठी वापरत असतील, तर त्यांना ही संख्यामर्यादा लागू होत नाही. येथेही खेळाडूची ओळख क्लबच्या मान्यतेवरून ठरते.

मूल्यमापन

मॅगझिन-मर्यादेने गोळीबाराच्या घटनांतील जीवितहानी किती घटते, यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. युरोपात अशा घटना तुलनेने विरळ असल्याने तेथील आकडेवारीतून ठाम निष्कर्ष काढणेही अवघड आहे. मात्र कायद्याच्या रचनेसंबंधी काही निरीक्षणे उपलब्ध अनुभवातून स्पष्ट होतात.

न्यूझीलंडचा अनुभव दाखवतो, की शस्त्राचे वर्गीकरण मॅगझिनवरून करून सुटे मॅगझिन मोकळे सोडले, तर नियम कागदावर राहतो. युरोपीय निदेशाने परवाना रद्द करण्याची आणि खरेदीवरील निर्बंधाची तरतूद करून ही फट बऱ्याच अंशी बुजवली. पण जुन्या मॅगझिनांची नोंदच नसल्याने त्या तरतुदीची भिस्त शेवटी तपासणीवर आणि धारकाच्या प्रामाणिकपणावर राहते.

दुसरे निरीक्षण अपवादाविषयी आहे. 'अ' वर्गातील शस्त्र मिळवण्याचा कायदेशीर मार्ग क्लबमधून जात असेल, तर त्या क्लबमधील सराव खरा आहे की परवान्यापुरता, हे ओळखण्याची जबाबदारीही क्लबवर येते. एरफुर्ट आणि नॉर्वे येथील घटनांत सदस्यत्व खरेच होते, तरीही त्या सदस्यत्वाने धोका उघड केला नाही. क्लबमधील पदाधिकारी बहुधा स्वयंसेवक असतात. सहकाऱ्याच्या स्वभावातील बदल त्यांच्या नजरेस सर्वांत आधी येऊ शकतो, हे या व्यवस्थेचे बलस्थान आहे; आणि आपल्याच सदस्याविरुद्ध अधिकाऱ्यांकडे जाणे त्यांना सर्वांत जड जाते, ही तिची दुर्बलता आहे.

नेमबाजांचीही एक रास्त तक्रार आहे. बहुसंख्य खेळाडूंकडून कधीही गुन्हा घडत नाही, तरी दुसऱ्याने केलेल्या हिंसेनंतर प्रत्येक वेळी नव्या अटींचा भार त्यांच्यावर पडतो. १२ महिन्यांचा सराव, स्पर्धांचे पुरावे आणि ठरावीक काळाने होणारा आढावा यांमुळे नवोदित खेळाडूला खेळात प्रवेश करणे कठीण होते. त्याउलट पाच वर्षांत पाच वेळा सराव, ही स्विस अट इतकी सौम्य आहे की ती खेळातील सातत्याची कसोटी ठरू शकत नाही, असेही म्हणता येते. एकाच निदेशाखाली जर्मनीसारखी कडक आणि स्वित्झर्लंडसारखी सौम्य व्यवस्था शेजारी-शेजारी नांदत आहे. म्हणून या कायद्याचे यश पारखताना मॅगझिनच्या आकड्यांइतकेच लक्ष प्रत्येक देश नेमबाजाची पात्रता कशी तपासतो, ती पुन्हा किती वेळा तपासतो आणि संशय आल्यास किती लवकर पाऊल उचलतो, याकडे देणे आवश्यक ठरते.